बोरघाटाच्या पायथ्याचा मुक्काम

व्याख्यानमालेच्या चालकांनी ‘जुन्या रस्त्यांवरचे मुक्काम’ हा विषय आमच्याकडे सोपविला, तेव्हा प्रथम आम्हांला थोडे आश्चर्य वाटले. इतिहास हा पदवीधरांचा प्रांत. आमची शाळा सातवीला सुटली. त्यापुढचे जे काही वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, सभा संपून मंडळी पांगल्यावर, जुन्या ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांवर झाले. परंतु विचार करता असे वाटले की, हा विषय जितका इतिहासाचा आहे तितकाच तो पोटापाण्याचा आहे. रस्ता कोणी बांधला, ओझे कोणी वाहिले, रात्री छपराखाली कोण निजले आणि छपराबाहेर कोण राहिले, हे प्रश्न कामगार चळवळीतल्या माणसाला परके नाहीत. म्हणून हे धाडस करीत आहोत.

आपल्यापैकी पुष्कळांनी अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरचे चित्रपट पाहिले असतील. जॉन फोर्ड यांचा १९३९ सालचा ‘स्टेजकोच’ हा त्यांतला नामांकित. उजाड माळ, धुरळा उडवीत येणारी चार-सहा घोड्यांची गाडी, आणि मध्येच एक एकाकी घर. तेथे घोडी बदलतात, उतारू दोन घास खातात आणि पुढे निघतात. हे घर म्हणजेच त्या गाडीचा मुक्काम. ही काही केवळ चित्रपटातली कल्पना नव्हे. १८५८ च्या सप्टेंबरात बटरफील्ड यांच्या कंपनीने मिसुरीकडून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत टपालाची गाडी सुरू केली. सुमारे अठ्ठावीसशे मैलांची ती वाट पंचवीस दिवसांत तोडण्याचा करार होता. वाटेत शंभराहून अधिक ठाणी होती. काही ठाण्यांवर केवळ घोडी बदलत, काहींवर जेवण व झोप मिळे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि ही दक्षिणेची वाट बंद पडली. पुढे १८६९ साली आगगाडी समुद्रापासून समुद्रापर्यंत पोहोचली, आणि त्या ठाण्यांचा एकेक दिवा मालवत गेला.

ही हकिकत ऐकून मन रमते खरे. परंतु तिच्यासाठी सातासमुद्रापलीकडे जाण्याचे कारण नाही. ज्या १८५८ साली बटरफील्डची गाडी निघाली, त्याच वर्षी आपल्या सह्याद्रीच्या पायथ्याशी अगदी असाच एक मुक्काम भर गर्दीने वाहत होता. त्याचे नाव खोपोली. आजच्या व्याख्यानाचा नायक तोच.

मुक्कामाचे गणित प्रथम नीट समजून घेऊ. आपल्या भाषेत या व्यवहाराचे शब्द किती आहेत पाहा: मजल, टप्पा, मुक्काम, पडाव, वस्ती, तळ. ‘मजल दरमजल करीत’ असे आपण सहज म्हणतो. मजल म्हणजे एका दिवसात तोडण्याची वाट. टप्पा म्हणजे एका जनावराच्या किंवा एका माणसाच्या दमात जेवढी वाट होईल तेवढी. ही लांबी कोणा राजाने ठरविलेली नाही. ती बैलाच्या खांद्याने आणि घोड्याच्या छातीने ठरविली आहे. भरल्या गाडीचा बैल तासाला जेमतेम दोन मैल चालतो. त्याला दुपारी सोडले पाहिजे, पाणी दाखविले पाहिजे, रवंथ करू दिला पाहिजे. म्हणजे दिवसाकाठी बारा-पंधरा मैलांच्या पलीकडे तो जात नाही. टांग्याची घोडी दौडत जातात, पण पाच-सहा मैलांनी ती बदलावी लागतात. पालखीच्या भोयांनी तर थोड्याथोड्या अंतरावर खांदा बदलावा लागतो. सबब ज्या रस्त्यावर रहदारी आहे, त्या रस्त्यावर ठरावीक अंतराने पाणी, चारा, सावली आणि शिधा मिळण्याची जागा असणे ही चैन नव्हे, ती गरज होय. जेथे पाणी होते तेथे असा मुक्काम झाला, जेथे मुक्काम झाला तेथे वाण्याचे दुकान आले, आणि दुकानामागून गाव आले.

घाटाच्या पायथ्याशी हे गणित अधिक कडक होते. सपाटीवरची गाडी घाटापाशी थांबते. ओझे उतरवून ते बैलांच्या पाठीवर घालावे लागते. संध्याकाळी पोहोचलेला माणूस रात्रीचा घाट चढत नाही. वाघाचे भय, चोराचे भय, पाय घसरण्याचे भय. तो थांबतो, सोबत पाहतो, आणि पहाटे चार माणसांबरोबर निघतो. पावसाळ्यात तर दोन-दोन दिवस अडकून पडतो. म्हणून घाटाखाली एक आणि घाटमाथ्यावर एक अशी मुक्कामांची जोडी आपल्याकडे जागोजाग दिसते. बोरघाटाची जोडी म्हणजे खाली खोपोली आणि वर खंडाळा.

मुंबईहून पुण्यास जाणारा जुना प्रवासी प्रथम मचव्यात बसे. भरतीची वेळ साधून तो बंदर ओलांडून पनवेलच्या खाडीत शिरे. आमच्या मढच्या लोकांना हे समजावून सांगावे लागत नाही. वर्सोव्याला समोर दिवे दिसतात, पण तेथे जायचे तर फेरीबोट धरावी, नाही तर मार्वे-मालाडचा सारा वळसा घालावा. खाडी आपल्या मर्जीने माणसाला थांबविते हे आम्ही रोज पाहतो. तर पनवेलला उतरल्यावर तो चौकावरून, खालापुरावरून खोपोलीस येई, तेथे रात्र काढी, सकाळी घाट चढून खंडाळ्यास जाई आणि मग कार्ले-वडगाव करीत पुणे गाठी.

१८१८ पूर्वी ही वाट खऱ्या अर्थाने सरहद्दीची वाट होती. साष्टी बेट मराठ्यांनी वसईच्या मोहिमेत पोर्तुगीजांकडून घेतले. १७३९ साली वर्सोव्याचा किल्ला मराठ्यांकडे आला तो त्याच मोहिमेत. पुढे १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेतले, साष्टी त्यांच्याकडे गेली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. म्हणजे खाडीच्या अलीकडे कंपनीचे राज्य आणि पलीकडे पेशव्यांचे. पनवेलला पाय ठेवला की माणूस दुसऱ्या राज्यात येई. घाटावर राजमाचीचा किल्ला पहाऱ्याला उभा होता. वकील, हुजरे, जासूद, व्यापारी, यात्रेकरू, हे सगळे या एकाच नळीतून जात-येत. त्या वाटेच्या अगदी तोंडाशी, खोपोलीस, नाना फडणिसांनी मोठा तलाव बांधला आणि त्याच्या काठी महादेवाचे देऊळ बांधले. आजही तो तलाव व ते देऊळ उभे आहे. राजकारणात ज्यांच्या बुद्धीचा दरारा पुण्यापासून कलकत्त्यापर्यंत होता, त्या माणसाने घाटाखाली पाणी साठविण्यावर पैसा घातला, यात त्यांची धर्मबुद्धी दिसते तशी व्यवहारबुद्धीही दिसते. ज्या वाटेवर पाणी नाही त्या वाटेने फौज जात नाही, व्यापार जात नाही, आणि जकातही येत नाही.

आता या काळातल्या मुक्कामाची रीत कशी असे? धर्मशाळा म्हणजे हॉटेल नव्हे. तिला दार असतेच असे नाही. लांबच लांब पडवी, खांब, मागे भिंत, पुढे ओटा. उतरण्याचे पैसे नाहीत. जेवणही कोणी देत नाही, अन्नछत्र असेल तर गोष्ट वेगळी. प्रवाशाने वाण्याकडून शिधा घ्यावा, तीन दगड मांडून चूल करावी, आपले आपण रांधावे, आणि सकाळी राख सारवून जागा मोकळी करावी. प्रत्येकाची चूल वेगळी, कारण प्रत्येकाची जात वेगळी. उत्तरेकडची सराई याहून निराळी: चारी बाजूंनी भिंती, एक मोठा दरवाजा, रात्री तो बंद, आत जनावरांना जागा आणि कडेने कोठड्या. आमच्याकडे दातृत्वाला धर्माचे नाव, तिकडे सुरक्षिततेला भिंतीचे रूप. दोन्हींत एक गोष्ट समान होती. वाटसरूला रात्रीचे छप्पर मिळणे ही बाजारात विकण्याची वस्तू आहे असे समाज मानीत नव्हता. अहिल्याबाई होळकरांचे नाव काशीपासून रामेश्वरपर्यंत लोक घेतात, ते या घाट-धर्मशाळांमुळेच.

परंतु केवळ गुण गाऊन चालणार नाही. मुक्कामाच्या गावी राहणे गरिबाला महाग पडे. सरकारी स्वारी आली की गावाने गाड्या द्याव्या, बैल द्यावे, लाकूडफाटा द्यावा, ओझ्याला माणसे द्यावी. याला वेठ म्हणत, बिगार म्हणत. पेशवाईतही ती होती आणि कंपनीच्या साहेबाच्या तंबूबरोबरही ती आली. मजुरी मिळाली तर मिळाली. ज्या वाटसरूच्या सोयीचे आपण वर्णन करतो, त्याच्या सोयीखाली कोणाचा तरी खांदा होता हे विसरू नये. आपल्या संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने बिगार निषिद्ध ठरविली आहे. हा शब्द संविधानात का यावा लागला, त्याचे उत्तर अशा मुक्कामाच्या गावांत सापडते.

पेशवाई बुडाली आणि सरहद्द पुसली गेली. घाट मात्र तसाच होता. जनरल वेलस्लीने १८०४ च्या सुमारास तोफा नेण्यापुरती वाट सुधारली होती. तरीही १८२५ साली या वाटेने गेलेल्या बिशप हेबरने नोंद केली आहे की, रस्ता रुंद असला तरी चढ इतका उभा आहे की सारे लोक पायी किंवा घोड्यावर चढतात, आणि माल बैलांच्या पाठीवरून जातो. मग गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत गाडीरस्ता झाला. १० नोव्हेंबर १८३० रोजी माल्कमसाहेब स्वतः गाडीत बसून घाट उतरले आणि कोकण व दख्खन यांमधली भिंत मोडली अशा अर्थाचे उद्गार त्यांनी लिहून ठेवले. ते खोटे नव्हते. चाक घाटावर चढले ही लहान गोष्ट नाही. बैलांच्या पाठीवर जे ओझे दहा जनावरे नेत, ते आता एका गाडीत मावू लागले. देशावरचा कापूस आणि धान्य बंदराकडे सुलभ उतरू लागले, आणि लमाणांचे तांडे हळूहळू कामावाचून राहू लागले. यंत्र येण्याच्या आधी, केवळ एका रस्त्याने बेकार झालेले हे पहिले कामगार.

रस्त्याबरोबर मुक्कामाचे नवे रूप आले: मुसाफिरबंगला, ज्याला डाकबंगला असेही म्हणत. धर्मशाळेला लागून थोड्या अंतरावर, उंचवट्यावर, कौलारू छपराचा, रुंद व्हरांड्याचा. आत खाट, टेबल, खुर्च्या. दिमतीला खानसामा, शिपाई, पाणक्या, भंगी. ठराविक भाडे, येणाऱ्याने वहीत नाव लिहावे, एक दिवस झाला आणि दुसरा प्रवासी आला तर पहिल्याने जागा सोडावी. नियम म्हणून हा चांगला नियम आहे. जागा पैशाने अडवून ठेवता येत नाही, तिच्यावर थकलेल्याचा हक्क पहिला, हे तत्त्व त्यात आहे. मात्र तो बंगला मुख्यतः साहेबासाठी होता. त्याच रस्त्याने जाणारा देशी माणूस धर्मशाळेत उतरे, आणि बंगल्यातल्या साहेबाची पालखी ज्यांनी आणली ते भोई कोठेही उतरत. झाडाखाली, तळ्याच्या काठी, गाडीच्या खाली. एका खोपोलीत अशा रीतीने तीन मुक्काम होते: बंगला, पडवी आणि झाड.

खोपोलीच्या मुक्कामाची खरी बहार मात्र पुढेच आहे, आणि ती फार थोडी वर्षे टिकली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे गाडी सुटली. १८५४ साली ती कल्याणला आली. १८५६ साली ती थेट खोपोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. त्यानंतर १४ जून १८५८ रोजी घाटावर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. खाली लोखंडी रस्ता, वर लोखंडी रस्ता, आणि मध्ये उभा सह्याद्री. मुंबईचा उतारू आगगाडीने खोपोलीस उतरे; तेथून पालखीत, डोलीत, तट्टावर, बैलगाडीत किंवा पायी घाट चढे; आणि खंडाळ्यास दुसऱ्या आगगाडीत बसे. पाच वर्षेपर्यंत मुंबई-पुण्याची सगळी रहदारी या दोन मुक्कामांच्या मध्ये माणसांच्या खांद्यांवरून आणि जनावरांच्या पाठीवरून चढत-उतरत होती. नव्या युगातली दोन टोके जुन्या युगातल्या भोयांनी जोडलेली होती. घोड्याच्या आणि आगगाडीच्या सांध्यावर उभी असलेली अमेरिकेतली ठाणी चित्रपटांनी अमर केली. आमचा हा सांधा कोणी पडद्यावर आणला नाही. मढच्या बंगल्यांत बारा महिने चित्रीकरणे चालतात, पण बोरघाटाच्या भोयांची गोष्ट घेऊन अद्याप कोणी आमच्याकडे आलेले नाही.

याच वर्षांत त्या मुक्कामाच्या डोक्यावर दुसरीच एक वस्ती उभी होती. घाटातला लोहमार्ग खोदण्याचे काम १८५६ च्या जानेवारीत सुरू झाले. सुमारे पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढायचे, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. यंत्रे थोडी, पहार, सुरुंग आणि टोपली ही मुख्य साधने. १८६१ च्या सुरुवातीस बेचाळीस हजारांवर माणसे तेथे एकाच वेळी राबत होती. आजही आमच्या संघटनेत इतके सभासद एका ठिकाणी जमले तर आम्हांला मैदान पुरणार नाही! ही माणसे कोठे राहत? पाल्याच्या झोपड्यांत, उघड्या उतारावर. पाणी वाहील ते. पटकी आणि ताप यांनी हजारो माणसे त्या घाटात मेली. त्यांची नावे कोणत्याही दगडावर नाहीत.

१८५९ च्या जानेवारीत या घाटात दंगल झाली. कारण अगदी साधे होते: मजुरी थकली होती. कंत्राटदार फॅव्हिएल, त्याच्या हाताखाली पोटकंत्राटदार, त्यांच्या हाताखाली मुकादम, आणि सर्वांत शेवटी मजूर. पैसा वरून निघाला तरी खाली पोहोचेपर्यंत ठिकठिकाणी मुरत गेला. मजुरांनी अखेर दगड हातात घेतले. ‘संप’ हा शब्द तेव्हा रूढ झालेला नव्हता, पण गोष्ट तीच होती. त्याच वर्षी फॅव्हिएलने काम सोडले. ते सॉलोमन ट्रेडवेल याने घेतले आणि मुंबईस आल्यावर थोड्याच दिवसांत तो आजाराने मेला. तेव्हा त्याच्या पत्नीने, अॅलिस ट्रेडवेल हिने, कंत्राट स्वतःच्या नावावर चालू ठेवले आणि अॅडमसन व क्लाउझर या दोघा अभियंत्यांकरवी ते तडीस नेले. एका स्त्रीने असे काम अंगावर घ्यावे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती, आणि तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

अशा तंट्यांचा परिणाम म्हणून १८६० सालचा नववा कायदा आला. रेल्वे, कालवे व इतर सार्वजनिक बांधकामांवरील मालक-मजुरांच्या तंट्यांचा निकाल मॅजिस्ट्रेटने झटपट लावावा, असे त्यात ठरले. थकलेली मजुरी मागण्याचा मार्ग मिळाला, हे चांगले झाले. परंतु त्याच कायद्यात करार मोडून काम सोडणाऱ्या मजुराला कैदेची तरतूद होती. पैसे बुडविणारा मालक दिवाणी गुन्हेगार, आणि काम सोडणारा मजूर फौजदारी गुन्हेगार! हा कायदा १९३२ साली रद्द झाला. कामगार कायद्यांचा इतिहास गिरण्यांपासून सुरू होतो असे पुष्कळ लोक समजतात. आमच्या मते त्याचे एक मूळ बोरघाटाच्या उतारावर आहे.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटाचा लोहमार्ग खुला झाला. मुख्य मार्ग कर्जतवरून येऊन पळसदरीपाशी वळला व घाट चढला, आणि खोपोली बाजूला पडली. मुक्कामाला मरण येते ते असे. आग लागत नाही, शत्रू येत नाही. केवळ लोक थांबेनासे होतात. पालखीचे भोई मासेमारीकडे, मजुरीकडे गेले. तट्टूवाले माथेरान-महाबळेश्वरकडे वळले. वाण्याच्या दुकानात शिधा विकेना. अमेरिकेत सगळे गावच ओस पडे. आपल्याकडे गाव चिवट. खोपोली फाट्याची स्टेशन होऊन राहिली. आजही कर्जतहून लोकल तेथे जाते आणि तेथेच संपते. पुढे १९१५ साली टाटांचे वीजघर तेथे सुरू झाले आणि ज्या घाटाने माणसांना थांबविले होते त्याच घाटावरून कोसळणारे पाणी मुंबईच्या गिरण्या चालवू लागले. मग कारखाने आले. मुक्कामाचे गाव कामगारांचे गाव झाले.

येथवर आम्ही मुक्काम कसा उभा राहिला आणि कसा मोडला ते सांगितले. आता त्याच्या दाराविषयी बोलावयाचे आहे. कारण आमच्या मते या विषयाचे मर्म तेथे आहे.

१९०१ सालची गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या मसूर स्टेशनावर काही लहान मुले उतरली. त्यांचे वडील गोरेगावला, दुष्काळी कामावरच्या तलावावर खजिनदार होते. वडिलांना पत्र पोहोचले नव्हते, म्हणून न्यायला कोणी आले नाही. मुले महार आहेत असे कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने शेजारून पायी चालायचे, असे ठरले. रात्री ती नाक्यावर पोहोचली. जवळ भाकरी होती, पण पाणी नव्हते. नाकेदाराने पाणी दिले नाही. भूक असून, अन्न असून, मुले पाण्यावाचून उपाशी निजली. त्यांतला एक मुलगा नऊ-दहा वर्षांचा होता. त्याचे नाव भीमराव आंबेडकर. मोठेपणी त्यांनी ही हकिकत स्वतः लिहून ठेवली आहे. पुढे परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीस गेल्यावर एका पारशी विश्रामगृहात त्यांना नाव बदलून राहावे लागले, आणि जात कळल्यावर तेथूनही बाहेर पडावे लागले.

मघाशी आम्ही म्हणालो की, वाटसरूचे छप्पर ही विकण्याची वस्तू नाही असे आपला समाज मानी. ते खरे आहे. परंतु वाटसरू कोणाला म्हणावे, हे मात्र समाजाने जातीवर ठरविले होते. नाक्यावर रांजण होता, रांजणात पाणी होते, आणि पोर तहानलेले होते. धर्मशाळेतला ‘धर्म’ त्या रात्री कोठे होता?

हे दार उघडण्याच्या कामी ज्यांनी पहिला घाव घातला, त्यांत एक नाव आमच्या चळवळीतले आहे. सीताराम केशव बोले हे मुंबईच्या भंडारी समाजातले. कामगार हितवर्धक सभेच्या स्थापनेत ते होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात त्यांचा ठराव संमत झाला: सरकारी पैशाने बांधलेल्या वा चालविलेल्या सार्वजनिक विहिरी, पाणवठे आणि धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ठरावात पाणवठ्याच्या जोडीला धर्मशाळा आहे, हे ध्यानात घ्या. पाणी आणि छप्पर ही वाटसरूची दोन माणूसपणे आहेत. याच ठरावाच्या आधारे महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. परंतु कागदावरचे पाणी ओंजळीत येत नव्हते, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना यांची नावे घालून बंदी हा गुन्हा ठरविण्यात आला. जुन्या रस्त्यांवरचे हे तिन्ही शब्द कायद्याच्या पुस्तकात अशा कारणाने आले.

कायदा वरून आला. खालून गाडगे महाराज आले. हातात खराटा, डोक्यावर गाडगे, अंगावर चिंध्या, आणि कीर्तनातून जमविलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा. पंढरपुरास त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली, आणि १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ज्या चोखोबाला देवळाच्या पायरीवर थांबविले, त्याच्या नावाने उतरण्याची जागा झाली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ गाडगे महाराजांच्या नावाने धर्मशाळा आहे. गावाकडून रोगी घेऊन येणाऱ्या माणसाला रुग्णालयात खाट एकच मिळते. बरोबरच्या नातेवाइकाने रात्र कोठे काढावी, हा प्रश्न जुन्या वाटसरूच्या प्रश्नाहून वेगळा नाही.

मुंबईच्या कामगारांनीही हा प्रश्न आपल्या परीने सोडविला होता. गिरणगावातली कोकणी मंडळी गावकीची एक खोली घेत. तीत एकाच गावचे वीस-पंचवीस जण पाळीपाळीने निजत, वळकट्या खुंटीला, जेवण खाणावळीत. गोव्याच्या खलाशांनी धोबीतलावाच्या बाजूला गावोगावचे कूड काढले. बोटीवरून उतरलेला तारवटी तेथे पेटी ठेवी आणि पुढची बोट मिळेपर्यंत राही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी खाणावळी चालविणाऱ्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. या सर्वांना आम्ही बोरघाटाच्या पडवीचेच वंशज मानतो. फरक एवढाच की, येथे दाता कोणी राजा नव्हता; वर्गणीदार कामगारच होते.

आता वर्तमानाकडे वळू. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एस.टी. सुटली आणि खेड्याच्या माणसाला मुक्कामाची गरज कमी झाली. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. ज्या वाटेला पूर्वी तीन-चार दिवस लागत, ती काही तासांवर आली. प्रवाशाचा मुक्काम संपला. परंतु ज्याच्या हातात चक्र आहे त्या चालकाचा मुक्काम संपला काय? बैलाला पाणी दाखवावे लागते, घोडे बदलावे लागते, हे जुना गाडीवान जाणत होता. आजचे इंजिन दमत नाही, म्हणून त्याच्यामागचा माणूसही दमत नाही असे आपण धरून चाललो आहोत. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे आठ तास ठरविले, आणि जेथे कामगाराला रात्री थांबावे लागते तेथे विश्रांतिगृह असावे असे मालकावर बंधन घातले. २०२० च्या कामगार संहितेत तो कायदा सामावून घेण्यात आला. कागद बदलले, परंतु आमच्या कामाच्या निमित्ताने आम्ही रात्री-अपरात्री रस्त्यांवर फिरतो, तेव्हा ट्रकच्या खाली सतरंजी टाकून निजलेला चालक आणि केबिनमध्ये पाय दुमडून पडलेला क्लीनर दिसतोच. बंगला, पडवी आणि झाड यांतले झाड अजून गेलेले नाही. मढच्या बंदरावर परप्रांतांतून आलेले खलाशी होडीतच निजतात. पावसाळ्यात होड्या शाकारल्या की त्यांची बिछान्याची जागाही शाकारली जाते.

आमचे सांगणे इतकेच की, रस्त्याची प्रगती मैलांवर आणि तासांवर मोजू नये. जो रस्ता बांधतो, जो त्यावर गाडी हाकतो आणि जो त्यावरून पायी जातो, त्या तिघांना रात्री छप्पर आणि तहानेला पाणी मिळते काय, हे माप लावावे. नाना फडणिसांनी रस्त्याच्या आधी तलावाचा विचार केला. आपण शेकडो कोटींचे रस्ते बांधतो, तेव्हा अंदाजपत्रकात चालकाच्या विश्रांतिगृहाची एक ओळ असावी, आणि ती ओळ प्रत्यक्षात उतरली की नाही हे नागरिकांनी विचारावे. आपली नगरपालिका, आपले आमदार, आपल्या संघटना यांना हा प्रश्न विचारण्यास पदवी लागत नाही. खोपोलीला कधी गेलात तर तलावाच्या पायरीवर क्षणभर बसा, घाटाकडे पाहा, आणि त्या बेचाळीस हजारांची आठवण ठेवा. त्यांच्या खांद्यांवरून आपण सारे वर आलो आहोत.